उपाशी पेशींचं प्रकरण

अक्काच्या हातातून पहिला कप निसटला तेव्हा घरातले सगळे हसले होते. दुसरा निसटला तेव्हा दाजी म्हणाले, "आता स्टीलचेच घेऊ." तिसऱ्यानंतर कुणी काही बोललं नाही. वर्षभरात अक्काला ब्लाउजचे हूक लावता येईनात. चप्पल पायातून कधी निघून मागं राहिली ते कळेना. आधी बार्शीच्या, मग सोलापूरच्या आणि शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्यांची चळत उभी केली आणि एवढंच सांगितलं, की नसा मरत चालल्यात, का ते सांगता येत नाही. ज्येष्ठात तिचं हृदय थांबलं. वय अठ्ठेचाळीस.

तिची धाकटी बहीण ऋतुजा बारबोले हैदराबादला एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होती. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ऋतुजाला वाढवलं ते अक्कानंच. ऋतूच्या बारावीसाठी अक्कानं गुरुवार धरले ते पुढं सुटलेच नाहीत. डॉक्टरेटच्या वेळी त्यात संकष्टी आणि दोन्ही एकादश्या आल्या. नवरात्राचे नऊ दिवस तर आईपासूनचेच होते. "तू अभ्यास कर, देवाकडं मी बघते," असं ती म्हणायची. तिच्या मते ही अगदी सरळ वाटणी होती.

दिवसकार्य उरकल्यावर ऋतुजानं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. फळीवर निळे डबे ओळीनं मांडलेले. काहींत आता डाळ होती, काहींत साबुदाणा. दोन डबे अजून भरलेले होते. एकावरचं लेबल तिनं वाचलं. 'मधुल. साखरेची गोडी, वजन न वाढवता. उपवास मोडत नाही.'

तिनं ते पुन्हा वाचलं आणि ती तिथंच फरशीवर बसली.

डबे तिनंच पाठवले होते. मधुल बनवणाऱ्या पुष्कर्णी फूड्सचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. मकरंद सबनीस हे तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. दर दिवाळीला ते जुन्या विद्यार्थ्यांना मधुलची पेटी धाडत. ऋतुजा चहा बिनसाखरेचा घ्यायची, म्हणून गेली सहा वर्षं ती पेटी न उघडता बार्शीला जात होती. जाहिरातीतलं ते वाक्य तिनं पूर्वीही पाहिलं होतं. पाहिलं तेव्हा आत काहीतरी टोचलंही होतं. पण सरांनी नीट तपासलं असणार, असं म्हणून तिनं ते झटकून टाकलं होतं.

ते का टोचलं, हे समजायला चौदा वर्षं मागं जावं लागेल.

आपलं शरीर प्रथिनांचं, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस जातींचे. ते आपोआप ओवले जात नाहीत. प्रत्येक मण्याला उचलून आणणारा एक हमाल असतो, त्याला वाहक आरएनए म्हणतात. कोणत्या हमालाच्या पाठीवर कोणता मणी चढवायचा हे ठरवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, वेगळी. जितके मणी तितकी विकरं. इथं चूक झाली तर पुढं ती पकडणारं कुणी नाही, कारण माळ ओवणारं यंत्र फक्त हमाल ओळखतं, पाठीवरचा मणी पाहतच नाही. म्हणून यातल्या काही विकरांना दोन कप्पे असतात. एका कप्प्यात मणी हमालाच्या पाठीवर बसतो. दुसऱ्यात तो तपासला जातो, आणि चुकीचा निघाला तर तिथंच छाटला जातो.

मधुल हा असाच एक चुकीचा मणी होता. प्रयोगशाळेत घडवलेलं, ल्यूसीन नावाच्या अमिनो आम्लासारखं दिसणारं, चवीला गोड. ल्यूसीनचं विकर त्याला फसून उचलायचं आणि दुसऱ्या कप्प्यात छाटून टाकायचं. शरीरात आला तसा बाहेर गेला. सबनीसांचं अख्खं पेटंट या छाटणीच्या भरवशावर उभं होतं.

ऋतुजानं पीएचडीत एक साधा प्रश्न विचारला होता. पेशी उपाशी असेल तर? ऊर्जा कमी पडली की पेशी बांधकाम आवरतं घेते, घरातली चूल मंद करावी तशी. त्यासाठी ती या विकरावर फॉस्फेटची एक खूण चढवते आणि विकराचा वेग उतरतो. हे नियमन शहाणपणाचंच होतं. पण ऋतुजाला असं दिसलं, की ती खूण चढली की तपासणीचा कप्पाही मिटतो. खऱ्या ल्यूसीनला त्यानं फारसं बिघडत नव्हतं. मधुल समोर असेल तर मात्र काही हजारांत एक चुकीचा मणी निसटून माळेत जात होता. पोट भरलं की खूण उतरे आणि कप्पा पुन्हा उघडे, पण गेलेला मणी गेला तो गेलाच. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. नसांच्या आणि हृदयाच्या पेशी जन्मभर त्याच राहतात. त्यांत हा कचरा साठत जाणार होता.

तिनं हे प्रबंधाचं सहावं प्रकरण म्हणून लिहिलं. सबनीसांनी लाल पेनानं ते आडवं छाटलं आणि समासात लिहिलं, 'उपाशी पेशींचं प्रकरण वगळावे. बाजारात उपाशी माणूस गिऱ्हाईक नसतो.'

"सर, पण निष्कर्ष तीनदा आलाय," ती म्हणाली होती.

"पेशीत आलाय. माणसात नाही," सबनीस शांतपणे म्हणाले होते. "ऋतुजा, पदवी हवी ना? मग पाचच प्रकरणं पुरेत."

तिनं पाच प्रकरणांवर सही केली. सहाव्याबद्दल पुन्हा तोंडातून ब्र काढला नाही. बार्शीला अक्कानं पेढे वाटले.

आता त्याच अक्काच्या फळीवर ते डबे होते. ऋतुजानं दाजींना बोलावलं. दाजी, म्हणजे हणमंतराव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. तिनं त्यांना सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. ते डब्याकडं बघत ऐकत राहिले.

"म्हणजे तिनं पोट मारलं, आणि त्यावर आपण हे घातलं," ते म्हणाले.

"मी घातलं, दाजी."

त्यांनी डबा उचलून खाली ठेवला. मग म्हणाले, "पुरावा लागंल ना? आता कुठनं आणायचा? माणूस तर गेलं."

"अक्काचे केस हवेत. काही राहिलेत का?"

दाजी उठून आत गेले. फाल्गुनात हातांनी साथ सोडली तेव्हा अक्काला वेणी घालता येईना. दाजींना ती नीट जमेना. शेवटी तिनंच सांगितलं, कापून टाका. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुळाशी धरून ती गुडघ्यापर्यंतची वेणी कापली आणि टाकवेना म्हणून पातळाच्या घडीत ठेवली. ती आता त्यांनी ऋतुजाच्या हातात दिली.

"ज्यानं हे केलं त्याला सोडू नको," ते म्हणाले.

"नाही सोडणार. पण पुरावा पक्का होईपर्यंत कुणाला बोलू नका. शेजारीपाजारीसुद्धा नाही. बातमी फुटली तर ती माणसं सगळं दडपतील."

"न्हाई बोलणार."

हैदराबादला आल्यावर ऋतुजानं लेझरच्या यंत्राखाली एकेक केस ताणून लावला. केस म्हणजेही प्रथिन, आणि एकदा उगवला की बदलत नाही. दिवसाला मिलिमीटरचा एक तृतीयांश भाग वाढतो. त्या दिवशी मुळापाशी जे काही होतं ते त्यात कायमचं कोंडलं जातं. कापल्याची तारीख माहीत असल्यावर मागं मागं मोजत जायचं, एवढंच काम होतं.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आलेख उमटला. सव्वादोन-अडीच मिलिमीटरच्या अंतरानं एक बारीक रेष, पुन्हा एक, पुन्हा एक. ते गुरुवार होते. मधूनच दुसऱ्या रेषा होत्या. ऋतुजानं पंचांग उघडलं. एकादशी. संकष्टी. एकादशी. आणि दर वर्षाच्या अंतरावर एक रुंद, काळा, सलग पट्टा. नवरात्र.

तिच्या बहिणीनं केलेला प्रत्येक उपवास तिथं नोंदलेला होता. ऋतुजा खुर्चीत बसून त्या रेषा मोजत राहिली. दोनशेच्या पुढं तिला पडदा नीट दिसेना. बारा केस तपासून झाले. बाराही केसांत तीच रेषांची ओळ होती. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात अहवाल लिहून तयार झाला. जुन्या प्रबंधाचं लाल शेऱ्याचं पानही तिनं सोबत जोडलं. आता फक्त पाठवायचा होता.

पण पाठवण्याआधी तिला सबनीसांचा चेहरा बघायचा होता. याला शास्त्रीय कारण काही नव्हतं.

सबनीस पुण्यात बाणेरला राहत. चालकाविना धावणाऱ्या गाडीनं तिला सकाळी अकराला त्यांच्या दारात सोडलं. सत्तरीचा, काटक, रेशमी कुडत्यातला माणूस. त्यांनी तिचं तोंडभर स्वागत केलं.

"बस, बस. चहा घेशील ना? मी बाराशिवाय काही खात नाही. सोळा तासांचा उपास, आठ तास खायचं. पाच वर्षं झाली. बघ, शुगर नाही, बीपी नाही. चहा तेवढा चालतो, आपल्याच मधुलचा."

ऋतुजानं बहीण गेल्याचं सांगितलं. कशानं, ते सांगितलं नाही. सबनीसांनी चेहरा पडला असं दाखवलं आणि कप उचलला.

तिनं पाहिलं, कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकतच नव्हतं. कप बशीत ठेवताना कडेवर आपटला आणि थोडा चहा सांडला. त्यांनी तो रुमालानं टिपला आणि हसून म्हणाले, "वय झालं."

ऋतुजानं ही बोटं ओळखली. अक्काची अशीच होती, चौथ्या कपाच्या सुमाराला.

बॅगेत अहवाल होता. तो बाहेर काढला की हा माणूस आजच मधुल सोडणार, आणि या टप्प्यावर सोडलं तर बहुधा वाचणार. नाही काढला, तर हा रोज सकाळी, रिकाम्या पोटी, स्वतःच्या हातानं दोन चमचे घालून घेणार. तिला काही करावं लागणार नव्हतं. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

"काही काम काढलं होतंस का?" सबनीसांनी विचारलं.

"नाही सर. सहज आले होते. तुमची आठवण झाली."

"कधीही ये. आणि हो, यंदा श्रावणासाठी खास डबा काढलाय. बहिणीकडं… अरे हो. सॉरी."

ती उठली. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हसतो आहोत. तिनं तोंडावर हात ठेवला तरी ते हसू थांबायला वेळ लागला.

तिनं अहवाल पाठवला नाही. आधी स्वतःला म्हणाली, आकडे पुन्हा एकदा तपासू. मग म्हणाली, तेरावा केसही बघावा. श्रावण सुरू झाला. रोज सकाळी दहा वाजता, प्रयोगशाळेत काहीही चाललेलं असलं, तरी तिच्या डोळ्यांसमोर तो दोन हातांनी धरलेला कप यायचा. आता मधुल ढवळत असतील. आता पहिला घोट. त्यांच्या नसेत एकेक चुकीचा मणी बसत असल्याचं तिला जणू ऐकू यायचं. तिला भूक चांगली लागायची, झोपही गाढ यायची. अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं. आपण काय करतोय हे तिला समजत नव्हतं असं नाही. रस्त्यावर, फोनवर, सगळीकडं त्या श्रावणातल्या डब्याची जाहिरात होती. ती दिसली की ऋतुजा मान दुसरीकडं वळवायची. चौदा वर्षांपूर्वी जमलं होतं, तसंच तिला हेही जमत गेलं.

बाणेरच्या भेटीनंतर विसाव्या दिवशी दुपारी दाजींचा फोन आला. एरवी ते स्वतःहून फोन करत नसत.

"ऋतू, एक विचारायचं होतं. तू बोलू नको म्हणलीस म्हणून गप होतो. पण काल वत्सलाबाईंच्या हातनं आरतीचं ताट पडलं. देवळात, समद्यांसमोर."

वत्सलाबाई शेजारच्या. ब्लाउज शिवून गुजराण करणारी बाई. अक्काची मैत्रीण, गुरुवार दोघी मिळून करायच्या.

"त्या पण तेच वापरतात?"

"अक्कानंच लावलं. आणि आता श्रावण, बाई निस्ती चहावर हाय. सांगू का त्यांना? का अजून पुरावा व्हायचाय?"

ऋतुजा खुर्चीतून उठली. "आत्ता जा, दाजी. फोन ठेवा आणि आधी जा. डबा फेकून द्या, त्यांना जेवायला घाला."

फोन ठेवून तिनं अहवाल पाठवला. अन्न प्रशासनाला, तीन वर्तमानपत्रांना, ओळखीच्या प्रत्येक शास्त्रज्ञाला. संध्याकाळपर्यंत केसावरच्या त्या रेषांचं चित्र देशभर पोचलं होतं. चौथ्या दिवशी मधुल दुकानांतून उचललं गेलं. बायका आपापले केस घेऊन प्रयोगशाळांपुढं रांगा लावू लागल्या.

दसरा झाल्यावर मुंबईत चौकशी समिती बसली. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. ऋतुजानं चार तास साक्ष दिली. लाल शेऱ्याचं पान पडद्यावर मोठं करून दाखवलं गेलं. 'बाजारात उपाशी माणूस गिऱ्हाईक नसतो,' हे वाक्य अध्यक्षबाईंनी स्वतः मोठ्यानं वाचलं, आणि मग शेजारी मधुलचा डबा ठेवून त्यावरचं वाक्य वाचलं. सबनीस एका बाजूला चाकाच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर, मेलेल्या पाखरांसारखे. नोकर त्यांना पाणी पाजत होता. ऋतुजानं ते पाहिलं आणि नजर हटवली नाही. हेच बघायला ती आली होती.

सबनीसांनी साक्षीदाराला एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली.

"ऋतुजा, तू आषाढात माझ्या घरी आली होतीस. माझ्या हाताकडं टक लावून बघत होतीस. तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

ती नाही म्हणू शकली असती. तिथं तिसरं कुणी नव्हतं.

"कळलं होतं, सर."

"अहवाल तयार होता?"

"बॅगेत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याकडूनच शिकले," ऋतुजा म्हणाली. "एकदा गप्प बसले त्याची मला पदवी मिळाली. दुसऱ्यांदा बसले ते तुमच्यासाठी."

सबनीसांचा चेहरा पांढराफटक पडला. ऋतुजाला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला काहीतरी मोठं वाटेल. वाटलंही. ते समाधान अस्सल होतं, आणि पुढंही ती ते कुणापुढं नाकारणार नव्हती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "डॉक्टर बारबोले, म्हणजे किती दिवस?"

"एकोणीस."

लेखनिकानं ते टिपून घेतलं. महिनाभरात निकाल आला. सबनीसांवर आणि कंपनीच्या संचालकांवर सदोष मनुष्यवधाचा खटला. ऋतुजा बारबोले यांनी माहिती दडवल्याबद्दल त्यांना संशोधनास कायमची बंदी. तिनं अपील केलं नाही.

ती बार्शीला आली तेव्हा दाजी पडवीत बसले होते. मांडीवर गेल्या श्रावणाचं कॅलेंडर. पेपरात छापून आलेलं त्यांनी वाचलं होतं.

"तू म्हणलीस, पुरावा पक्का व्हायचाय," ते म्हणाले. "झाला कधी होता?"

"श्रावणाच्या आधी."

दाजींनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "तीन सोमवार. तीन गुरुवार. एकादशी. संकष्टी. मी रोज त्या बाईला अंगणात चहा पिताना बघत होतो, ऋतू. तुला शब्द दिलेला म्हणून गप." त्यांनी कॅलेंडरची गुंडाळी केली. "त्याला सोडू नको असं मीच म्हणलो होतो. पण हे न्हाई म्हणलो."

"दाजी…"

"मला काही सांगू नको. शेजारी जा. त्यांना सांग."

वत्सलाबाई खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. पुढ्यात अर्धवट शिवलेला ब्लाउज. ऋतुजा खाली बसली आणि तिनं काहीही न लपवता सांगितलं, एकोणीस दिवस, बॅगेतला अहवाल, बाणेरचा कप, सगळं. बोलताना तिनं वर पाहिलं नाही.

ऐकून झाल्यावर वत्सलाबाईंनी यंत्रावरचा हात काढला.

"तो माणूस आता स्वतःच्या हातानं जेवतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. भरवावं लागतं."

"बरं झालं," वत्सलाबाई म्हणाल्या. "माझी तीन बोटं गेली. डॉक्टर म्हणतो, बाकीची राहतील." मग त्यांनी यंत्राच्या फळीवरून सुई आणि लाल दोरा उचलला. दोरा सुईच्या नेढ्याशी नेला. तो हलला, चुकला, पुन्हा चुकला. त्यांनी सुई ऋतुजापुढं धरली.

"ओवून दे."

ऋतुजानं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईत घातलं आणि गाठ मारून दिली. वत्सलाबाईंनी हूक लावायला घेतला. टाका वाकडा पडत होता, तरी त्या घालत राहिल्या.

"दिवसाला धा-बारा येळा ओवावी लागते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुला आता काम न्हाई म्हणं. उद्या सकाळी आठला ये. आणि खाऊन ये."